कुंकू होणारं पाणी

लोणारला जाताना मी खिशात हळद नेली होती. पुडी नाही, पट्ट्या. घरी दोन चमचे हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवली, गाळणकागद त्यात बुडवून सावलीत वाळवला आणि बोटाएवढ्या पट्ट्या कापून डबीत भरल्या. पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडतो आणि साबण लावताच तो पिवळ्याचा लाल होतो, हे बघितलं नाही असं घर महाराष्ट्रात नसेल. माझी पट्टी म्हणजे त्या डागाचीच जरा शहाणी आवृत्ती.

पहिली पट्टी धारेवर भिजवली. धार म्हणजे विवराच्या काठावर गोमुखातून बारमाही पडणारं पाणी. भाविक तिला गंगा मानतात आणि तिच्याखाली अंघोळ करतात. पट्टी होती तशी पिवळीच राहिली. शेजारी पदर पिळत उभ्या असलेल्या एका मावशींनी विचारलं, "काय करून राह्यले भाऊ?"

"पाणी तपासतोय मावशी. हळदीचा कागद आहे."

"इथं काई होत नाई त्याले. खाली तयात बुडवा, कुकू होईन त्याचं."

हळदीला चुन्याची निवळी दिली की कुंकू होतं, हे मावशींना ठाऊक होतं आणि खालचं पाणी चुन्याच्या निवळीच्या जातीचं आहे, हेही. मला एवढं कळायला रसायनशास्त्राची दोन वर्षं लागली होती.

खाली उतरलो. बाभळीच्या झाडीतून वाट संपते तिथे आधी नाकाला कळतं: सडक्या अंड्यासारखा वास. मग चिखल, मग हिरवट पाणी. काठाशी बसून पट्टी बुडवली आणि ती बघता बघता विटकरी झाली. मावशींचं कुंकू. बोटं एकमेकांवर घासली तर बुळबुळीत लागली, साबण लावून नीट धुतलेली नसावीत तशी. हा भास नसतो. आपल्या कातडीवर तेलाचा पातळ थर असतो, अल्कली आणि तेल एकत्र आले की साबण तयार होतो. म्हणजे लोणारचं पाणी आपल्याच बोटांचा साबण करत असतं. या तळ्याच्या पाण्यात कपडे बिनसाबणाचे निघतात असं गावात सांगतात, त्याचं कारणही हेच.

पाणी किती आंबट आणि किती अल्कली हे मोजायच्या पट्टीला शाळेच्या पुस्तकात सामू म्हणतात, बाहेर सगळे पीएच म्हणतात. ही पट्टी निघाली एका दारूच्या कारखान्यात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ साली ती मांडली. सात म्हणजे मध्यावर. खाली गेलं की आम्ल, वर गेलं की अल्कली. पण तिच्यात एक खोच आहे: इथली प्रत्येक पायरी दहा पटींची. धारेचं पाणी सात ते आठच्या घरात आणि तळ्याचं दहाच्या आसपास. ऐकायला दोन-तीन अंकांचा फरक वाटतो, प्रत्यक्षात तो शंभर ते हजार पटींचा असतो. वरच्या गोड्या पाण्यापासून खालच्या खाऱ्यापर्यंत चालत जायला मला अर्धा तासही लागला नव्हता.

असं पाणी झालं कसं, ही गोष्ट स्वयंपाकघरातलीच आहे, फक्त चूल हजारो वर्षं पेटलेली आहे. उल्का दख्खनच्या बेसॉल्टवर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. कधी, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. एका पद्धतीने मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षं येतात, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. इतका फरक आपल्याकडे फक्त जमिनीच्या मोजणीत पडतो. ते असो. महत्त्वाची गोष्ट ही की या वाडग्याला बाहेर जायची वाट नाही. पाऊस पडतो, झरे येतात, पाणी काळ्या दगडातून झिरपताना थोडा सोडियम, थोडा कॅल्शियम, थोडा मॅग्नेशियम घेऊन तळ्यात उतरतं आणि मग विदर्भाचं ऊन त्याला आटवतं. उसाच्या रसाची काकवी व्हावी तसं. आटता आटता कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चुनखडीच्या रूपात तळाशी बसतात. सोडियम मात्र सहजी बसत नाही, तो कार्बोनेटला धरून पाण्यातच राहतो. उरतो तो धुण्याचा सोडा, थोडा खाण्याचा सोडा आणि मीठ.

हा खार पूर्वी तळ्याकाठून गोळा होत असे. त्याच्या प्रतीप्रमाणे डल्ला, पापडी, भुस्की अशी नावं होती. पापडात आपण जो खार घालतो, त्याचेच हे भाऊबंद. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख येतो, तो साबण आणि काच करायला लागणारा माल मिळण्याचं ठिकाण म्हणून. अकबराच्या कारकुनांनी तळ्याची नोंद केली ती मालाच्या यादीत. गावाच्या कथेत इथे लवणासुर होता आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं. दैत्यसूदनाचं देऊळ गावात उभं आहे. लवण म्हणजे मीठ. दैत्याचं नाव ठेवणाऱ्याने पाण्याची चव घेतलेली असणार, याबद्दल मला शंका नाही.

आता अंघोळीकडे येऊ. लोणारच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, चौपाटी नाही. पण धारेसारख्या जागी माणसं पाण्यात उतरतातच, आणि माणूस उघड्या पाण्यात उतरला की जुहूला पडतो तोच प्रश्न इथेही पडतो: हे पाणी अंगावर घ्यावं का?

डोळ्यांना हे कळत नाही, हे पहिलं आश्चर्य. गढूळ पाणी निरुपद्रवी असू शकतं आणि तळ दिसेल इतक्या नितळ पाण्यात पोट बिघडवणारं सगळं काही असू शकतं. म्हणून मापं ठरली. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये उभं राहिलं, केंद्राचा कायदा १९७४ चा. पुढे केंद्रीय मंडळाने गोड्या पाण्याचे अ पासून इ पर्यंत पाच वर्ग केले. त्यातला दुसरा वर्ग उघड्यावरच्या अंघोळीचा. त्यात बसायचं तर सामू ६.५ ते ८.५ च्या मध्ये हवा, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा, बीओडी ३ मिलिग्रॅमच्या वर नको आणि १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जिवाणू ५०० च्या वर नकोत. चौपाटीच्या खाऱ्या पाण्याला वेगळा नियम आहे, तिथे विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्मची मर्यादा १०० मिलिलिटरला १०० आहे.

बीओडी म्हणजे पाण्यातल्या घाणीला कुजताना लागणारा प्राणवायू. पाण्यातली भूक म्हणा हवं तर. बाकीचं वाचून लक्षात येतं, पण हे ५०० जिवाणू मोजतं कोण आणि कसं? सूक्ष्मदर्शकाखाली बसून एकेक मोजणं कुणाच्या बापाला जमणार नाही. ज्या रीतीने ते मोजतात, ती मला आजही जादूसारखी वाटते.

मुळात रोगजंतू शोधतच नाहीत. ते कमी असतात, नाना जातींचे असतात आणि प्रत्येकाची परीक्षा वेगळी. त्याऐवजी शोधतात एक साक्षीदार. माणसाच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा कोलिफॉर्म जिवाणू थिओडोर एशरिश या डॉक्टरने १८८५ साली लहान मुलांच्या विष्ठेत ओळखला. त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. पण तो पाण्यात सापडला याचा अर्थ कुणाचं तरी पोट या पाण्यापर्यंत पोचलेलं आहे, आणि पोट पोचलं तर पोटाचे रोगही पोचू शकतात. घटनास्थळी चपलेचा ठसा सापडावा तसा तो असतो. चप्पल काही चोर नव्हे.

मग त्याला पकडायचं कसं? निर्जंतुक बाटलीत पाण्याचा नमुना घेतात. झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, तोंड प्रवाहाकडे धरायचं, वरची साय टाळून जरा खालचं पाणी घ्यायचं, बाटली काठोकाठ भरायची नाही आणि बर्फाच्या डब्यात ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळा गाठायची. उशीर झाला तर बाटलीतले जिवाणू वाढतात नाहीतर मरतात, आणि आपण तळ्याऐवजी बाटली मोजत बसतो.

प्रयोगशाळेत पंधरा नळ्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीत दुधातली साखर घातलेला रस्सा. कोलिफॉर्मना ही साखर आवडते आणि ती खाताना ते वायू सोडतात. प्रत्येक मोठ्या नळीत एक चिमुकली नळी उपडी बुडवलेली असते, करंगळीच्या पेराएवढी. ही युक्ती हर्बर्ट डरहॅम यांची, १८९८ ची. पाच नळ्यांत दहा-दहा मिलिलिटर पाणी घालायचं, पाचांत एक-एक, पाचांत एक दशांश. मग सगळ्या उबेत ठेवायच्या, निरोगी अंगाची असते साधारण तेवढ्या. दुसऱ्या दिवशी बघायचं. जिथे ते जिवाणू पडले तिथे रस्सा गढूळ झालेला असतो आणि उपड्या नळीच्या टोकाशी एक बुडबुडा अडकलेला असतो. मुगाच्या दाण्याएवढा. डोळ्यांना कधीच न दिसणारा जीव आपली हजेरी बुडबुड्याने लावतो.

मोजायचे ते बुडबुडे. पहिल्या पाचांपैकी पाच नळ्यांत बुडबुडा, दुसऱ्या पाचांपैकी पाचांत, तिसऱ्या पाचांपैकी दोघींत; मग संभाव्यतेच्या गणितावर बांधलेल्या तक्त्यात बघायचं. ५-५-२ असं आलं की उत्तर ५००. म्हणजे पाणी अंघोळीच्या वर्गात जेमतेम बसलं. आता शेवटच्या ओळीत आणखी एका नळीत बुडबुडा आला असता, ५-५-३ झालं असतं, तर तक्ता सांगतो ९००. पाणी नापास. अख्ख्या घाटाचा निकाल अशा एका मुगाच्या दाण्यावर टेकलेला असू शकतो. म्हणून एका नमुन्यावर कुणी शहाणा माणूस निकाल देत नाही. महिनोन् महिने, त्याच जागी, पुन्हा पुन्हा पाणी उचलावं लागतं. शिवाय निकाल हाती येईपर्यंत एक-दोन दिवस गेलेले असतात. सोमवारी पाण्यात उतरलेल्याला सोमवारचं पाणी कसं होतं ते बुधवारी कळतं.

प्राणवायूची परीक्षाही बघण्यासारखी आहे. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनज्ञाची ही रीत १८८८ ची. बाटलीत मँगनीजचा क्षार आणि अल्कली घालायचा, हलवायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर साका पांढराच राहतो. म्हणजे रंग बघून माणूस हातातल्या बाटलीबद्दल तिथल्या तिथे सांगू शकतो की या पाण्यात मासा जगेल की गुदमरेल.

हा सगळा सरंजाम घेऊन लोणारच्या तळ्याकाठी उभं राहिलं की मात्र गंमत सुरू होते.

पहिल्याच मापाला तळं नापास. सामू ८.५ च्या वर नको, इथे तो दहाच्या आसपास. दुसरं माप प्राणवायूचं. हिरव्या शेवाळी जिवाणूंनी भरलेल्या पाण्यात भर दुपारी प्राणवायू भरपूर असतो आणि पहाटे तो घसरलेला असतो, कारण रात्री तीच हिरवळ श्वास घेत असते. म्हणजे निकाल तुम्ही किती वाजता पोचलात यावरही अवलंबून. आणि जिवाणूंचं माप तर सरळ फसवतं. कोलिफॉर्मना इतकं अल्कली पाणी सोसत नाही. सांडपाण्याच्या उथळ तळ्यांत शेवाळामुळे सामू साडेनऊच्या जवळ गेला की ते झपाट्याने मरतात, हे अभियंत्यांना चांगलं माहीत आहे. तेव्हा गावाचं सांडपाणी लोणारच्या तळ्यात आलं आणि काठापासून आत जाऊन नमुना घेतला, तर नळ्यांत बुडबुडे कमी दिसू शकतात. साक्षीदाराचाच मुडदा पडलेला. त्यावरून सांडपाणी आलंच नाही असं म्हणणं म्हणजे साक्षीदार हजर नाही म्हणून खटला निकालात काढणं.

जाता जाता एक: अल्कली पाण्याने सगळेच जंतू मरतात अशा समजुतीतही राहू नये. पटकीचा जंतू थोडा अल्कली मामला पसंत करतो. प्रयोगशाळेत त्याला इतर जंतूंच्या गर्दीतून वेगळं काढायला मुद्दाम साडेआठच्या आसपास सामू असलेला रस्सा वापरतात. इतर मागे पडतात, हा पुढे निघतो.

पण मला खरा चमत्कार वाटतो तो याच्याही पुढचा. समजा, कुणी या तळ्याचं पाणी 'सुधारायचं' ठरवलं. झरे वळवून आणखी गोडं पाणी आत सोडलं, खार पातळ केला, सामू ८.५ वर आणला. मापाप्रमाणे तळं अंघोळीच्या वर्गाकडे सरकलं. आणि लोणार संपलं. कारण इथे राहतात ते जीव याच खारावर पोसलेले आहेत. पाण्याला हिरवा रंग देणारं स्पिरुलिना, ज्याच्या गोळ्या औषधांच्या दुकानात मिळतात, त्याला असंच पाणी लागतं. इंडिबॅक्टर अल्कॅलीफायलस नावाचा जिवाणू इथल्या पाण्यातून वेगळा काढून २०१० साली जगाला सांगितला गेला. त्याच्या नावातच भारत आहे आणि अल्कलीचं प्रेमही. धुण्याच्या पावडरीत डाग कुरतडणारी जी विकरं घालतात ती सोड्याच्या पाण्यात टिकावी लागतात, म्हणून अशा तळ्यांतल्या जिवाणूंवर संशोधकांचा डोळा असतो. गावातले लोक बिनसाबणाच्या धुण्याबद्दल बोलतात ते आणि संशोधक बोलतात ते, शेवटी एकच पाणी.

सगळीकडे गोडं पाणी आलं की लोक पेढे वाटतात. लोणारच्या तळ्याला गोडं पाणी प्रमाणाबाहेर आलं की तो आजार. सांडपाणी तर दुहेरी आजार: पाणी पातळ करणारं आणि वर नायट्रोजन-फॉस्फरसचं खत घालणारं. त्यावरून प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. म्हणून इथल्या मोजणाऱ्याला अंघोळीचा तक्ता धारेपाशी वापरावा लागतो आणि तळ्यापाशी तोच तक्ता उलटा धरावा लागतो. वर सामू चढला तर काळजी, खाली उतरला तर काळजी.

२०२० च्या जूनमध्ये हे मोजणं एकदम सगळ्यांच्या तोंडी आलं. टाळेबंदीचे दिवस, कडक उन्हाळा, आणि हिरवं तळं गुलाबी झालं. नासाच्या लँडसॅट उपग्रहाने २५ मे रोजी टिपलेलं तळं हिरवं आहे आणि १० जूनचं गुलाबी. सोळा दिवसांत. कुणाला कलियुगाची खूण दिसली, कुणाला लवणासुराचं रक्त. न्यायालयाने विचारणा केली, वनखात्याने नमुने उचलले, नागपूरच्या 'नीरी'त आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ते तपासले गेले. निघाले हॅलोआर्किया. हे मिठावर जगणारे आदिम जीव. पाणी आटून खार वाढला की त्यांची चंगळ होते आणि उन्हापासून बचावासाठी ते गाजराच्या घराण्यातलं गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. नमुन्याची बाटली न हलवता ठेवली तर हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग पाण्याचा नव्हताच, पाण्यातल्या गर्दीचा होता. पाऊस आल्यावर खार पातळ झाला, गर्दी तळाशी गेली आणि तळं पुन्हा पहिल्या रंगावर आलं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, नांदूरमध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातला दुसरा.

मला त्या प्रकरणात सगळ्यात आवडलं ते हे की त्या वर्षी रंग हेच मोजमाप झालं. माझ्या हळदीच्या पट्टीसारखं. एक किलोमीटरहून रुंद पट्टी, कुणीही न बुडवलेली.

परत फिरण्याआधी कमळजादेवीच्या देवळापर्यंत गेलो. देऊळ तळ्याच्या अगदी काठाला, नवरात्रात इथे गर्दी असते. सोबत आलेल्या गावातल्या मुलाने पाण्याच्या दिशेने हात करून सांगितलं, "तिथं सासू-सुनेची विहीर हाय." एकाच विहिरीचा अर्धा भाग गोडा आणि अर्धा खारा अशी तिची ख्याती. झऱ्याचं पाणी एका अंगाने येत असेल आणि तळ्याचं दुसऱ्या अंगाने झिरपत असेल, तर हे अशक्य मुळीच नाही. हलकं गोडं पाणी आणि जड खारं पाणी एकमेकांत मिसळायला तयार नसतात, हे खाडीकाठच्या कुणालाही विचारा. गोडी कोण आणि खारी कोण, हे मात्र सांगणारा सासू आहे की सून त्यावर ठरतं.

"दिसत नाही पण," मी म्हणालो.

"तळं चढलं का ते पाण्यात जाते," तो म्हणाला. "उतरलं का दिसते."

डबीत चार पट्ट्या उरल्या होत्या. एक त्याला दिली. त्याने ती काठाशी बुडवली, लाल झालेली बघितली, मग झऱ्याचा ओघळ तळ्याला मिळतो तिथे चालत गेला आणि दुसरी मागितली. ती धड पिवळी राहिली नाही, धड लालही झाली नाही. त्याने ती उन्हात धरून बराच वेळ बघितली आणि तिसरीसाठी हात पुढे केला.